पिकअपशी बोलणं

स्वयंपाकघरात ताटली खणखणली, गोल गोल फिरली आणि आडवी झाली. अंगणात उभ्या असलेल्या पिकअपच्या केबिनमध्ये गुलनाजचं बोट मोबाइलच्या वर तसंच थांबलं. तिनं कान दिला. घरात झोळीतला तान्हा आसिम कुरकुरला, पण उठला नाही. उंबऱ्यावरून एक कोंबडी काहीच न घडल्यासारखी बाहेर आली.

"नाही उठला थो," शेजारच्या सीटवरून तिची सहा वर्षांची लेक सफा कुजबुजली. "कर तू."

स्टिअरिंगखालच्या सॉकेटात गाडीतला बिघाड वाचणारा, काडेपेटीएवढा निळा स्कॅनर खोचलेला होता. त्याचा लाल दिवा पाहूनच गुलनाज हरखली होती. इलेक्ट्रॉनिक्सच्या डिप्लोमानंतर सात वर्षांत तिनं असं काही हातात घेतलं नव्हतं.

पिकअप दोन दिवसांपासून ओढत नव्हती. चढ आला की धापा टाकायची आणि मीटरवर इंजिनचा पिवळा दिवा लागायचा. तिचा नवरा अकरम सकाळी एसटीनं मेहकरला मिस्त्री पाहायला गेला होता. तो निघताना ती म्हणाली होती,

"मले संध्याकाळलोक दे. नाही जमलं तं ने टोचन लावून."

"गाडी हाय थे," अकरम हसला होता, "तुया कॉलेजातला रेडिओ नोहे."

ते हसू तिला दिवसभर पुरलं होतं. आसिमला पाजताना, भाकरी थापताना ती मनात आज्ञाच घोकत होती. स्कॅनरबरोबरचं तयार अ‍ॅप नुसतं चक्र फिरवत बसलं, तेव्हा तिनं ते काढून टाकलं आणि स्कॅनरमधल्या चिपशी थेट बोलायचं ठरवलं. 'एटी'नं सुरू होणारा शब्द चिपसाठी, नुसते आकडे गाडीसाठी. चिप ते गाडीकडे नेते आणि तिचं उत्तर आणते. तिनं लिहिलं, एटी झेड. चिपनं अंग झाडून आपलं नाव सांगितलं. एटी ई शून्य, म्हणजे माझं बोलणं मलाच परत ऐकवू नकोस. 'ओके' आलं. एटी एसपी शून्य, म्हणजे गाडीची बोली कोणती ते तूच ओळख. पुन्हा 'ओके'.

"बोलली?" सफानं विचारलं.

"चिप बोलली. आता गाडीले विचारू."

तिनं पहिले आकडे पाठवले. शोधतोय, शोधतोय, असे ठिपके उमटत राहिले आणि मग एक कोरडी ओळ आली. संपर्क होत नाही.

तिनं किल्ली बंद करून पुन्हा फिरवली. बोली आपणच ठरवून पाहिली, एकेक करत सगळ्या. तीच ओळ. बॅटरीचे व्होल्ट विचारले, तर चिपनं ते चटकन सांगितले. म्हणजे वायर धड होती. चिप जागी होती, गाडीच तोंड उघडत नव्हती. गुलनाजनं मीटरकडे पाहिलं. किल्ली फिरवल्यावर सगळे दिवे लागले होते, इंजिनचा तेवढा नव्हता. तो तर आधी लागायलाच हवा.

ओट्यावरच्या बाजेवरून तिचे सासरे मेहबूबभाई यांनी डोक्यावरचा रुमाल बाजूला केला. ते हे सगळं कधीपासून ऐकत होते कोण जाणे.

"बेटा, चोरबटन दाबलं का?"

"कोनतं बटन?"

"सीटखाली लावलं न अकरमनं. खामगावच्या जिनिंगवर कापसाच्या लायनीत रात्र-रात्र गाड्या उभ्या राह्यतात, ड्रायव्हर झोपला की गाडी गायब. म्हून सारेच लावतात. थे दाबल्याबिगर इंजिनाच्या डोक्याले करंटच नाही जात."

"मंग आधी सांगा लागत होतं न, अब्बा!"

"तू विचारलं काय मले? तू त मोबाइलले विचारून राह्यली."

सफा खिदळली. गुलनाजनं सीटखाली हात घातला, चाचपलं, आणि खटका लागला. मीटरवर पिवळा दिवा उजळला. तिनं तेच आकडे पुन्हा पाठवले.

उत्तर आलं. एक्केचाळीस, शून्य शून्य आणि पुढे आकड्यांची माळच.

"बोलली!" ती इतक्या जोरात ओरडली की आपलाच हात तिनं तोंडावर ठेवला. आसिम झोपलेलाच होता. तिनं शून्य तीन लिहिलं, म्हणजे तुला दुखतंय काय ते सांग. गाडीनं एकच दुखणं सांगितलं, तेही कोडमध्ये. तिनं त्याचा अर्थ मोबाइलवर शोधला. टर्बोची हवा कमी पडतेय.

मेहबूबभाई आता उठून बॉनेटपाशी आले होते. "हवा कमी, म्हंजे पाइप सुटला असन कुठं." दोघं वाकले. जाड काळ्या पाइपाची पट्टी ढिली होऊन तो टोकाशी निसटला होता. गुलनाजनं तो बसवला, पट्टी आवळली, शून्य चार, म्हणजे जुनं दुखणं विसर, असं लिहून दिवा पुसण्याआधी एकदा इंजिन चालू करून रेस दाबली. गाडी गुरगुरली आणि तिचा आवाज भरून आला.

"वा रे वा!" मेहबूबभाईंनी बॉनेटवर थाप मारली. "अकरमले म्हना, मिस्त्री घरातच हाय! यंदा कापूस नसला तं नसला. शेजारच्या पुंजाजीनं काल उभ्या पऱ्हाटीत मेंढरं सोडली, बोंडाबोंडात अळी. बीटी बियाण्याले अळी लागत नाही म्हनत होते. पर गाडी चालू पाहिजे."

"हे त रोज लोणारकडून भरून खामगावले नेतात, अब्बा. तिकडं हाय म्हने कापूस."

"असन बा."

ते हात धुवायला गेले. गुलनाजला थांबवेना. दिवा पुसायच्या आधी विचारता येईल ते सगळं विचारायचं होतं. इंजिन किती तापलंय, किती फिरतंय. गाडी प्रत्येक प्रश्नाला उत्तर देत होती, आणि सफा प्रत्येक उत्तराला टाळी. मग तिनं लिहिलं, शून्य एक एकतीस. मागच्या वेळी दिवा पुसल्यापासून गाडी किती चालली? तो दिवाळीत खामगावच्या मिस्त्रीनं पुसला होता. आता संक्रांत होऊन गेली होती.

आलेली अक्षरं तिनं बोटांवर सोडवली. नऊशे ऐंशी किलोमीटर.

तिनं पुन्हा विचारलं. पुन्हा तेच. खामगावला जाऊन-येऊन दीडशे होतात. सात फेऱ्याही भरत नव्हत्या. आणि अकरम रोज उजाडता निघायचा, अंधारात यायचा, जेवताना सफाला जिनिंगवरच्या गाड्यांची लाइन हात पसरून पसरून दाखवायचा.

इंजिन एका लयीत चालू होतं. गुलनाजनं शून्य चार लिहिलं. ते पाठवलं की तो आकडाही पुसला जाणार होता. बोट पुन्हा तसंच थांबलं. मोबाइल थरथरला, अकरमचं नाव आलं. तिनं तो वाजू दिला.

"अम्मी," सफा सीटवर गुडघ्यांवर उभी राहिली, "मी विचारू का तिले एक?"

"हाव. विचार."

सफानं स्टिअरिंगला तोंड लावलं, मग वळून आईकडे पाहिलं.

"तूच लिह्य न. पप्पा तिले घेऊन रोज कुठं जातात?"