प्रार्थनेचा विषय

वाऱ्यानं दार धाडकन लागलं, तशी ती खिडकीपासून वळली आणि दाराच्या गोल मुठीवर तिनं दोन्ही हात ठेवले. हात कसले, कोपरापासून बोटांच्या पेरांपर्यंत नुसतं प्लास्टर. मूठ त्या दोन ओंडक्यांमध्ये सरकत राहिली, फिरली नाही. तिनं कोपर लावून पाहिलं. मग वाकून हनुवटी. शेवटी खोलीत कुणी नाही हे ठाऊक असूनही एकदा मागे पाहून तिनं मूठ दातांत धरली. जिभेवर पितळेची चव उतरली. दार जिथल्या तिथं.

भिंतीपलीकडे सासूबाई होत्या. रेडिओवर कुणीतरी गुलाबाच्या छाटणीबद्दल बोलत होतं. एक हाक मारायचा अवकाश, त्या आल्या असत्या.

तिनं हाक मारली नाही.

अकरा दिवसांपूर्वी चर्चच्या उंच खिडक्या पुसताना स्टूल कलंडलं होतं आणि पडताना तिनं दोन्ही हात पुढे केले होते. दोन्ही मनगटं गेली. "एखादं तरी शिल्लक ठेवायचं होतंत," डॉक्टर म्हणाला होता आणि त्यानं सहा आठवडे सांगितले होते. नवरा बस चालवायचा. सकाळी जायचा तो तीनला यायचा. तोवर घरात ती आणि शहात्तर वर्षांच्या सासूबाई. कापडं अर्धवट कापून ठेवलेली, शिलाई मशीन झाकलेलं.

काल चर्चच्या मंडळीतल्या दोघी येऊन गेल्या. "ताई, तुझ्यावाचून चर्च कसं ओकंओकं वाटतं," पहिली म्हणाली. "पण तू काही काळजी करू नकोस, सगळं अगदी नीट चाललंय," दुसरी म्हणाली. दोघींनी मायेनंच सांगितलं होतं. तिला रात्रभर दुसरीचं वाक्य टोचत राहिलं.

तिचे वडील शिंपी होते. अबोल माणूस. लहानपणी ती त्यांच्यासाठी काठ दुमडून द्यायची. ते कापड उलटं करून खिडकीच्या उजेडात धरायचे. टाका वाकडा असला, की काही न बोलता उसवून परत तिच्या मांडीवर ठेवायचे. सरळ असला, की बाजूला ठेवायचे. बाजूला ठेवलेलं ते कापड म्हणजे तिचं सगळं लाडकौतुक. तिनं त्यापेक्षा जास्त कधी मागितलं नाही. मागायचं असतं हेच तिला माहीत नव्हतं.

देवाशीही तिचं तसंच होतं. ती डोळे मिटायची आणि दिवसभराचं काम त्याच्यापुढे मांडायची: वेदीवरचं कापड धुतलं, फुलं बदलली, आजारी शिक्षिकेकडे डबा पोचवला, सासूबाईंचे पाय चेपले. मांडून झालं, की गप्प बसायची. त्यानं काही उसवलं नाही असं वाटलं, की आमेन.

आताही तिनं दारापाशी उभ्या उभ्या डोळे मिटले. 'हे प्रभू,' ती म्हणाली आणि थांबली. पुढे ठेवायला काही नव्हतं. अकरा दिवसांत तिनं काडी उचलली नव्हती. तिला वाटलं, पलीकडेही कुणीतरी रिकाम्या मांडीकडे पाहत बसलं आहे.

पाय दुखायला लागले तशी ती भिंतीला पाठ लावून घसरत खाली बसली. बसल्यावर लक्षात आलं, की हात टेकल्याशिवाय उठता येणार नाही. फरशी गार होती. गुलाब संपून बातम्या सुरू झाल्या, बातम्या संपल्या.

दार उघडलं तेव्हा सासूबाईंना आधी ती दिसलीच नाही. मग त्यांनी खाली पाहिलं.

"अगं बाई! पडलीस की काय?"

"नाही आई. बसलेय. दार लागलं होतं."

"कधी?"

तिनं प्लास्टरचे हात मांडीवर ओढून घेतले.

"हाक का नाही मारलीस?"

"म्हटलं, तुमचा डोळा लागला असेल. उगीच कशाला त्रास..."

सासूबाई तिला उठवायला पुढे झाल्या नाहीत. पलंगाच्या कडेवर बसल्या.  हात त्यांनी मांडीवर एकात एक धरून ठेवले.

"या घरात आलीस तेव्हा मी चोपन्न वर्षांची होते," त्या म्हणाल्या. "धडधाकट. पहिल्याच आठवड्यात तू माझ्या हातातला झाडू घेतलास. मग कढई. मग बाजाराची पिशवी. लोक म्हणायचे, काय नशीब काढलंयस, अशी सून मिळायला भाग्य लागतं. मीही म्हणायचे." त्यांनी पलीकडच्या खोलीकडे मान वळवली. "त्या खिडकीतल्या खुर्चीत बसून बावीस वर्षं झाली मला. तुला काही द्यावंसं वाटलं, तर तू ते आधीच करून ठेवलेलं असायचं. माणसानं करायचं तरी काय?"

"तुम्ही कधी बोलला नाहीत, आई."

"काय बोलणार? तू किती चांगली आहेस म्हणून तक्रार करू?"

दोघींना हसू यायला हवं होतं. आलं नाही. सासूबाई उठल्या, तिच्या काखेत हात घालून त्यांनी तिला उठवलं. दोनदा जमलं नाही. तिसऱ्यांदा दोघी धापा टाकत उभ्या राहिल्या. म्हातारीच्या अंगात एवढी ताकद असेल, असं तिला कधी वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चर्चचे पाळकसाहेब प्रभुभोजनाची भाकर आणि पेला घेऊन घरी आले. त्यांनी टेबलावर पांढरं कापड अंथरलं. त्याला इस्त्री नव्हती. तिच्या ते लगेच लक्षात आलं, आणि लक्षात आल्याची लाजही वाटली. सासूबाई शेजारच्या खुर्चीवर बसल्या.

"प्रार्थनेचा काही विषय?" पाळकसाहेबांनी विचारलं. ते दर वेळी विचारायचे. ती दर वेळी म्हणायची, माझं काही नाही, मंडळीसाठी करा. त्यांनी पुस्तकाचं पान उघडायलाही घेतलं.

"आहे," ती म्हणाली.

त्यांनी मान वर केली.

"भीती वाटते." आवाज तिचा तिलाच ओळखू येईना. "हे हात पहिल्यासारखे झाले नाहीत, तर... माझ्याकडून काहीच झालं नाही, तर देवाला माझं काय काम?"

पाळकसाहेबांनी उत्तरासाठी तोंड उघडलं, तिच्याकडे पाहिलं आणि पुस्तक मिटून ठेवलं.  खालच्या रस्त्यावर कुणीतरी गाडी मागे घेत होतं. मग त्यांनी प्रार्थना केली, अगदी छोटी. तिनं म्हटलं होतं तेच त्यांनी देवाला सांगितलं, स्वतःचं काही जोडलं नाही.

त्यांनी भाकर मोडून पुढे केली. सवयीनं प्लास्टरचे दोन्ही हात वर आले, हवेत थांबले आणि खाली गेले. तिनं तोंड उघडलं.

नंतर पाळकसाहेब पेला पुसत असताना सासूबाईंनी रुमाल काढला. तिच्या गालावरून पाणी ओघळत होतं, ओठांशी चुरा चिकटला होता. म्हातारीचा हात तिच्या उजव्या गालावरून फिरला, हनुवटीपर्यंत आला आणि परत जायला निघाला.

"आई," ती म्हणाली, आणि तिनं चेहरा तसाच पुढे धरला. "डावीकडे राहिलंय."