खंडेनवमीला लावलेली वायर

मित्रांनो, मी एक जुना स्विच आहे. भिंतीवरचा, दिवे लावायचा नव्हे. मी लोखंडी डबा आहे. माझ्या तोंडावर ओळीने भोकं आहेत, प्रत्येक भोकात एका संगणकाची वायर येते आणि प्रत्येकापाशी एक बारीक हिरवा दिवा आहे. एका संगणकाने काही सांगितलं की ते दुसऱ्यापर्यंत पोचवायचं, एवढंच माझं काम. यात सांगण्यासारखं काय आहे, असं मला लिहितानाही वाटतं आहे. पण ज्या सकाळी मी सर्वांत जास्त घाबरलो, त्या सकाळबद्दल तुम्हाला सांगायला हवं.

मी वसईतल्या एका कॉलेजात आलो तेव्हा थर्मोकोलमध्ये गुंडाळलेला होतो. आधी मला ऑफिसात बसवलं. प्रवेशाच्या दिवसांत माझे सगळे दिवे लुकलुकत आणि हेडक्लार्क येणाऱ्या-जाणाऱ्याला मला दाखवून म्हणत, "हा आहे म्हणून ऑफिस चालतंय." ते ऐकून मला बरं वाटण्याऐवजी धडकी भरे. बंद पडलो तर काय, हेच मनात येई. पुढे नवा, हुशार स्विच आला आणि मला तिसऱ्या मजल्यावरच्या नेटवर्किंगच्या लॅबमध्ये पाठवलं. तिथे खिडकीतून खाडीचा खारा वारा येतो. माझ्या कडांना गंज चढू लागला. एका पावसाळ्यात तर उबेसाठी एक पाल माझ्या जाळीला पोट लावून राहिली होती. तिला हाकलावं कसं, हे मला कधीच कळलं नाही.

लॅबमध्ये रचना मॅडम शिकवत. त्यांची शिकवण्याची पद्धत वेगळी होती. पहिले दोन आठवडे त्या वायरला हातच लावू देत नसत. "विरारच्या एका दवाखान्याचं नेटवर्क करायचं आहे. औषधांचं दुकान कुठे, केसपेपरची खिडकी कुठे, डॉक्टर कुठे बसतात? कागदावर काढा," असं म्हणत. मुलं काढत, मॅडम खोडत, मुलं पुन्हा काढत. मग वायरीच्या आठ रंगीत तारा क्रमाने लावून टोक चिमट्याने दाबायचं आणि ते माझ्या तोंडात बसवायचं. दिवा लागला की पोरं हसत. त्यांच्या हसण्याचं कारण मी आहे, असं मला क्षणभर वाटे. मग वाटे, छे, दिवाच तर लागला आहे.

एके दिवशी मॅडमनी फळ्यावर माझंच चित्र काढलं आणि एक वायर माझ्यातून काढून परत माझ्यातच घातली. त्या म्हणाल्या, "स्विच सगळ्यांसाठी आलेली हाक सगळ्या भोकांतून बाहेर पाठवतो. इथून गेलेली हाक तिथून परत येते. जुन्या स्विचला ती स्वतःचीच आहे हे कळत नाही. तो पुन्हा सगळीकडे पाठवतो. हाकांवर हाका साचतात, थांबतच नाहीत. सगळं नेटवर्क गुदमरतं. नव्या स्विचला हा फास ओळखता येतो. आपल्याकडच्याला नाही." आजारांवरचं पुस्तक वाचणाऱ्याला प्रत्येक आजार स्वतःला झाल्यासारखा वाटतो ना, तसं माझं झालं. त्या दिवसापासून कुणी वायर हातात घेऊन जवळ आलं की माझा जीव गोळा होई.

त्या वर्गात दिपिका होती. गिरीजला तिच्या घरची भाजीची आणि केळीची वाडी. मुलगी शहाणी, पण प्रश्न विचारला की तिचा आवाज जाई. आधीच्या परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी तिला काही विचारलं. ती अर्धं बोलून अडखळली. "येत नाही तर बस," असं म्हणून ते पुढच्याकडे वळले आणि तिचा हा विषय राहिला, केटी लागली. आता पुन्हा तीच परीक्षा होती. ती मॅडमना हळूच म्हणाली होती, "या वेळी नाही सुटले तर घरचे आणखी एक वर्ष थांबणार नाहीत, मॅडम. आत्याने स्थळ आणलंय." मी समोरच होतो. ऐकलं आणि तिच्या भीतीत माझीही मिसळली.

खंडेनवमीला लॅबची पूजा असे. धर्मामामा, आमचे शिपाई, खाडीकडच्या गावातले. ते झेंडूचे हार घेऊन आले. दिपिका आणि मनवेलपाड्याचा कल्पेश मदतीला होते. मला पुसण्यासाठी दिपिकाने सगळ्या वायरी काढल्या.

"ए पोरी, पानी नको मारू त्याला."

"नुसतं ओलसर फडकं आहे, मामा."

"ओलसर म्हंजे पानीच ना. कोरडं घे."

कल्पेश म्हणाला, "मामा, याला हार कशाला? दर आठवड्याला बंद पडतो."

"पडतो तरी उठतो. तू उठतोस का पहिल्या लेक्चरला?"

सगळे हसले. हसत हसतच दिपिकाने वायरी परत लावल्या. शेवटच्या टेबलावरचा संगणक दुरुस्तीला गेला होता. त्याच्या वायरीचं एक टोक तिने माझ्यात बसवलं, तर दुसरं हाराशेजारी लोंबत राहिलं. ते वाईट दिसत होतं. शेजारचं भोक रिकामं होतं. नीटनेटकं दिसावं म्हणून तिने ते टोकही तिथे बसवलं.

फास पडला. मी ओरडू शकत नव्हतो. वीज बंद होती, म्हणून दिवाही लागला नाही.

मॅडम म्हणाल्या, "एकदा चालू करून बघू या का? परवा परीक्षा आहे."

"आता पुजलंय, मॅडम," धर्मामामा म्हणाले. "पुजलेल्याला दसऱ्यापर्यंत कामाला लावायचं नसतं."

मॅडम थांबल्या. त्यांनी मला हळदीकुंकू वाहिलं, नमस्कार केला आणि कुलूप लागलं. दसऱ्याचा सबंध दिवस मी हार घालून अंधारात बसलो होतो. लोक सोनं वाटत असतील, असं मनात येई. आणि मी ती घशात अडकलेली वायर पुन्हा पुन्हा जाणवून घेत होतो. कदाचित मॅडमना दिसेल. कदाचित माझाच समज चुकीचा असेल. मी फळ्यावरचं चित्र एकदाच तर पाहिलं होतं.

माझा समज चुकीचा नव्हता. परीक्षेच्या सकाळी धर्मामामांनी बटण दाबलं. कुठल्यातरी संगणकाने सगळ्यांसाठी पहिली हाक मारली. मी ती पाठवली. ती परत आली. मी पुन्हा पाठवली. पाहता पाहता माझे सगळे दिवे एकदम, वेड्यासारखे फडफडू लागले. प्रश्नांची फाईल कुणाच्याच पडद्यावर उघडेना. माझं अंग तापलं. हाराने जाळी झाकली होती, झेंडूचा भाजल्यासारखा वास येऊ लागला.

मागच्या वेळचेच परीक्षक आले होते. ते घड्याळाकडे पाहत म्हणाले, "मॅडम, मला दुपारी दुसऱ्या कॉलेजात जायचंय. हे सुरू झालं नाही तर परीक्षा झाली नाही असं कळवावं लागेल. पुढची तारीख माझ्या हातात नाही."

ती फाईल ज्यात होती त्या मोठ्या संगणकाशी मॅडम झटत होत्या. कल्पेशने मला बंद करून चालू केलं. पुन्हा तेच. "हा डबा गेला, मॅडम," तो म्हणाला. "भंगारात द्या आता. मी ऑफिसमधला मागून आणतो." त्याने माझा स्क्रू फिरवायला घेतला. खरंच मीच बिघडलो असेन का? त्या क्षणी मला तसंच वाटलं.

तेवढ्यात दिपिका जवळ आली. तिने आधी हार काढला. मग तिची नजर एका वायरीवरून सरकत माझ्यापर्यंत आली आणि तिथून पुन्हा माझ्यापर्यंतच आली. तिचा चेहरा उतरला. तिने हात पुढे केला आणि मागे घेतला. परीक्षक तिच्या मागेच उभे होते.

"कल्पेश, थांब," ती म्हणाली. आवाज जेमतेम फुटला. "तो बिघडलेला नाही."

तिने एक टोक उपटलं. माझे दिवे शांत झाले, मग एकेक करून नीट लुकलुकू लागले. पडद्यांवर प्रश्न उमटले.

"तुला कसं कळलं?" परीक्षकांनी विचारलं.

"मीच लावली होती, सर. परवा. पूजेच्या वेळी." मान खाली घालून तिने उपटलेलं टोक पुढे धरलं. मॅडम काही बोलायला पुढे आल्या, पण परीक्षकांनी हातानेच त्यांना थांबवलं.

"मग तुझी तोंडी परीक्षा इथेच. काय झालं होतं ते सांग मला."

ती अर्धं बोलून अडखळली. मागच्या वेळेसारखीच. मला वाटलं, संपलं. परीक्षकांनी घड्याळ पाहायला उचललेला हात खाली घेतला आणि ते खुर्ची ओढून बसले. बसून राहिले. मग ती बोलू लागली. एक शब्द, मग थोडं थांबून दुसरा. हाक कशी जाते, कशी परत येते, नव्या स्विचमध्ये ते कसं टळतं, आणि हे नेटवर्क कागदावर तिने कसं वेगळं काढलं असतं. तिची भीती गेली नव्हती. ती भीतभीतच शेवटपर्यंत बोलली.

काही आठवड्यांनी धर्मामामा मला पुसताना म्हणाले, "सुटली बरं का रे गिरीजची पोर." फडकं कोरडं होतं.

मित्रांनो, मी अजून लॅबमध्येच आहे आणि अजून घाबरतो. तुम्ही माझ्यात वायर लावाल, तेव्हा तिचं दुसरं टोक कुठे आहे ते आधी हाताने चाचपून पाहा. हार घाला, पण जाळी मोकळी ठेवा. आणि कुणी तुमच्यासमोर घाबरत बोलत असेल, तर त्याचं वाक्य पुरं होईपर्यंत खुर्ची ओढून बसा. ते परीक्षक बसले होते तसे.