पाठकोऱ्या वह्या

कॉलेजच्या ग्रंथालयामागे एक लांबट खोली आहे. तिथे मी पुस्तकं बांधते. कणा सुटलेली, पुठ्ठा निखळलेली, मधलीच पानं गळालेली, अशी सगळी माझ्याकडे येतात आणि बरी होऊन परत जातात. मुलं मला बांधणीच्या मावशी म्हणतात.

माझे काही नेम आहेत. फार मोठे नाहीत. देवाचं नाव घेतल्याशिवाय सुईत दोरा ओवत नाही. ताटात घेतलेलं टाकत नाही. आणि जे आपल्यासाठी लिहिलेलं नाही ते वाचत नाही. हा नेम वडिलांचा. ते टपाल वाटायचे. उघडं कार्ड असलं तरी मजकुरावर अंगठा धरून तेवढा पत्ता वाचायचे.

यंदा मुलांनी हिरवा गट काढला. नळ गळतो का बघायचं, रिकाम्या वर्गातले पंखे बंद करायचे, प्रत्येक मजल्यावर पाठकोऱ्या कागदांची पेटी ठेवायची. वसतिगृहाच्या खानावळीच्या दारात फळा लावला, त्यावर रोज लिहायचं की आज ताटांत किती किलो उरलं. शिपाई म्हणाला, "आता श्वाससुद्धा मोजून घ्यायचा का?" पण फळ्यावरचा आकडा अठरावरून अकरावर आला, तसा तोच रोज सकाळी आधी फळा बघून मग ग्रंथालय उघडायला लागला.

पेट्यांमधले कागद माझ्याकडे यायचे. एका बाजूला लिहिलेले, दुसरी बाजू कोरी. त्यांच्या मी वह्या करायचे. जाड कागद, पातळ कागद आलटून पालटून लावले की शिवण नीट बसते, म्हणून सगळा गठ्ठा आधी पिसून घ्यायचे. लिहिलेली बाजू पालथी घालून पानं लावायची, शिवायची, मग यंत्राखाली धरून तिन्ही कडा कापायच्या. जो आठवडाभर स्वतःचा पेला घेऊन चहाला येईल त्याला एक वही, अशी मुलांची योजना. पहिल्या चाळीस वह्या दोन दिवसांत गेल्या.

त्यानंतरच्या सोमवारी दोघी माझ्या दारात उभ्या राहिल्या. वसतिगृहात एकाच खोलीत राहणाऱ्या. एक जाड भिंगांची, तिला सगळे बॅटरी म्हणतात. दुसरीच्या तोंडाचा पट्टा कधी थांबत नाही, म्हणून ती रेडिओ. हिरव्या गटाची ही पुढारी. आज मात्र रेडिओ गप्प होती.

"मावशी," बॅटरी म्हणाली, "तिसऱ्या मजल्यावरच्या पेटीतले कागद तुमच्याकडे आले होते ना?"

"आले होते की. त्यांच्या वह्यासुद्धा झाल्या."

"झाल्या?"

"झाल्या आणि वाटल्या."

ती स्टुलावर बसली.

मग रेडिओला कंठ फुटला. "माझं चुकलं मावशी. हिची आई आजारी म्हणून ही दहा दिवस घरी होती. म्हटलं, आल्यावर हिला खोली छान दिसावी. टेबलाखाली प्रयोगांच्या कागदांचा ढीग होता, गेल्या वर्षीचा. सगळे एकाच बाजूला लिहिलेले. उचलले आणि टाकले पेटीत. दोन किलो भरले! सगळ्यात जास्त कागद दिले म्हणून माझं नाव लावलं त्यांनी." एवढं बोलून ती हुंदके द्यायला लागली.

त्या ढिगात बॅटरीच्या आईची नऊ पत्रं होती.

तिची आई शाळेत गेलेली नव्हती. मुलगी वसतिगृहात आली, तेव्हा आईने हट्ट धरला, मला लिहायला शिकव. सुट्टीत ही शिकवायची, सुट्टी संपली की आई एकटी गिरवत बसायची. दोन वर्षांत नऊ पत्रं लिहिली. "पेन इतकं दाबून धरते ना मावशी, की मागच्या बाजूला सगळं उठून येतं. म्हणून एकाच बाजूला लिहायची." बॅटरीने चष्मा काढून पुसला. "आता तिचा उजवा हात उचलला जात नाही. डॉक्टर म्हणाले, चालेल, बोलेलही हळूहळू. हाताचं मात्र सांगता येत नाही."

म्हणजे त्या बाईने जन्मात जे काही लिहिलं ते त्या नऊ पानांवर होतं. आणि ते मी पिसून, शिवून, कापून वाटून टाकलं होतं.

"तुम्हाला दिसलं नाही का, मावशी?" तिने विचारलं. आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

"मी पालथं घालून लावते गं. वाचत नाही कुणाचं."

इतकी वर्षं हा नेम मी अंगावर धुतलेल्या वस्त्रासारखा वागवला होता. त्या दिवशी तो दगडासारखा जड झाला. आणि कडा कापल्याचं तर मी तिला अजून सांगितलंच नव्हतं.

"चाळीसच वह्या ना?" मी उठले. "चल, एकेक बघू." पण दाराशी पोचेपर्यंत माझाच पाय अडखळला. बघायचं म्हणजे चाळीस वह्यांमधलं लोकांचं सगळं वाचत सुटायचं. बॅटरीला कळलं असावं. म्हणाली, "वाचू नका मावशी. नुसता हात फिरवा. आईचं अक्षर हाताला लागतं."

आणि खरंच तसं झालं. वही उघडायची, डोळे मिटायचे, एकेका पानाच्या कोऱ्या बाजूवरून बोटं फिरवायची. इतर पानं गुळगुळीत. तिसऱ्या वहीत बोटांखाली एकदम बारीक बारीक उंचवटे आले, ओळीमागून ओळ. मी डोळे उघडले नाहीत. "हे बघ," म्हटलं, आणि बॅटरीने माझ्या हातातून वही जवळजवळ हिसकावलीच.

तीन दिवस आम्ही तिघी फिरलो. सुरी आणि सुई-दोरा बरोबर ठेवला होता. पत्र मिळालं की शिवण उसवायची, पान काढायचं, त्या जागी दुसरं लावून वही परत शिवून द्यायची. खेळाच्या मास्तरांच्या वहीत पत्राच्या कोऱ्या बाजूवर शर्यतीत धावणाऱ्या पोरांची यादी निघाली. गणिताचे सर वही छातीशी धरून म्हणाले, "परत घेणार? मी सात दिवस पेला वाहिलाय! जावयासारखा जपून!" रेडिओ म्हणाली, "सर, एक पान फक्त. आईचं पत्र आहे." सरांनी लगेच वही पुढे केली आणि उसवून होईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिले. पहिल्या वर्षाची एक मुलगी स्वतःच शोधत आली. "मी वाचलं, रागावू नका," ती म्हणाली. "त्यात लिहिलंय, 'थंडी आहे, कान झाक.' त्या दिवसापासून मी झाकते."

पहिलं पान हातात आलं तेव्हाच बॅटरीच्या लक्षात आलं होतं. प्रत्येक ओळीचं शेवटचं अक्षर गेलं होतं. 'काळजी' होतं, 'घे' नव्हतं.

"कडा मी कापल्या," मी म्हटलं.

तिने त्या कापलेल्या कडेवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "असू दे. तिथे काय आहे ते मला माहितीये."

बुधवारी हिरव्या गटाची सभा झाली. गटाकडे लक्ष देणाऱ्या प्राध्यापक बाई म्हणाल्या, असं होणार असेल तर पेट्या बंदच करू. रेडिओ मान खाली घालून बसली होती. बॅटरीच उठली. "पेट्या राहू द्या. त्यांच्यावर एवढंच लिहा, टाकण्याआधी प्रत्येक पान उलटून बघा. पत्रं वहीमुळे गेली तशी वहीमुळेच राहिली पण. रद्दीत गेली असती तर कुठे शोधली असती?" बाईंनी पेट्या राहू दिल्या. रेडिओने तिथेच, भर सभेत, तिला मिठी मारली.

आठ पत्रं मिळाली होती. एकोणचाळीस वह्या बघून झाल्या होत्या. चाळिसावी कुणाची ते कुणालाच आठवेना.

गुरुवारी सकाळी रेडिओने कपाळावर हात मारला. "अगं बाई! आचारीकाका! वजनकाटा उचलायला मदत करतात म्हणून मीच तर दिली होती!"

आम्ही खानावळीत गेलो तेव्हा साडेदहा झाले असतील. मोठ्या पातेल्यांवर वाफ धरली होती. बॅटरीचा चष्मा दारातच पांढरा झाला. आचारीकाका भाजी चिरत होते. अंगाने थोराड, बोलायला कमी. वही खुंटीला दोरीने टांगलेली होती. मी पानांवरून बोटं फिरवली. सगळी गुळगुळीत. पण शिवणीत एका पानाची फाटलेली चिंधी अडकलेली होती.

"काका, यातलं एक पान..." रेडिओने सुरुवात केली.

काकांची सुरी थांबली. कान लाल झाले. त्यांनी नुसती मान वळवली, चुलीमागच्या भिंतीकडे.

तिथे, डोळ्यांच्या उंचीवर, ते पान चिकटवलेलं होतं. अक्षर बाहेरच्या बाजूला.

"तुझं आहे होय?" काका म्हणाले. "मला ठाऊक नव्हतं, पोरी. वहीत निघालं." मग पानाकडे न बघताच, पाठ असल्यासारखं म्हणाले, "'तुझं जेवण नीट होतं हे वाचून बरं वाटलं. तिथे जो रांधतो त्याला माझा नमस्कार सांग. दुसऱ्यांच्या मुलांना रोज वेळेवर वाढायचं सोपं नाही.'"

पातेल्याचं झाकण थडथडत होतं. त्यांनी ते जरा सरकवलं.

"बावीस वर्षं झाली इथे. मीठ जास्त झालं, मीठ कमी झालं, एवढंच ऐकलंय. त्यात तुमचा तो फळा आला. चांगलाच आहे, नाही म्हणत नाही. पण रोज दारात लिहितात, आज किती टाकलं. म्हणजे माझ्या हातचं किती जणांना नकोसं झालं, ते मीच येता-जाता वाचायचं. आणि मग हे निघालं. म्हटलं, कुणाचं का असेना. जो रांधतो तो मीच ना?"

रेडिओचा चेहरा पडला. फळा तिच्याच कल्पनेतला. "काका, तसं नव्हतं हो मनात," ती पुटपुटली. "आम्ही जास्त वाढून घेतो, म्हणून उरतं. तुमच्यामुळे नाही."

"मग तसं लिहा की कधी."

बॅटरी भिंतीपाशी जाऊन उभी राहिली. चष्मा पुसून पुन्हा लावला, तो पुन्हा धूसर झाला. "काका, हे मला सांगायला सांगितलं होतं आईने. गेल्या वर्षी. मी विसरले. विसरले पण नाही, मला लाज वाटली. आचाऱ्याला काय जाऊन सांगायचं, असं वाटलं."

"असू दे गं," काका म्हणाले. "घेऊन जा पान. पिठाच्या खळीने चिकटवलंय, ओढू नको, फाटेल."

ते काम माझं होतं. काकांनी उकळती किटली उचलून पानाजवळ धरली. वाफेने खळ भिजली तशी मी कोपऱ्यातून पातळ सुरी सरकवली. एकेक बोट एकेक बोट. किटली जड होती, पण काकांचा हात हलला नाही. पान सुटलं. एक कोपरा तेवढा भिंतीलाच राहिला, त्यावर काही लिहिलेलं नव्हतं. मी ओलं पान कोरड्या फडक्यात ठेवून बॅटरीच्या हातात दिलं. नऊ झाली.

काकांनी फडकं घेऊन भिंत पुसली. नको इतका वेळ पुसत राहिले.

बॅटरीने पान माझ्या हातात परत दिलं आणि मोबाइल काढला. "बाबा, आईच्या कानाला लाव." मग मोबाइलचा आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा मोठा करून म्हणाली, "आई, इथे आपले आचारीकाका आहेत. तुझा नमस्कार त्यांना मिळालाय. ते बोलतायत तुझ्याशी."

काकांनी ओले हात सदऱ्याला पुसले. मोबाइल दोन्ही हातांत धरला, गरम वाटी धरावी तसा. "ताई," ते म्हणाले, "पोचला बरं का. नमस्कार पोचला."

पलीकडे आधी नुसता श्वास. मग एकेक शब्द जागेवरून ढकलत आणावा तसा आवाज आला.

"तुम्ही... जेव... जेवलात?"

काका मोबाइलकडे बघत राहिले. मग चुलीवरच्या पातेल्यांकडे, मग आमच्याकडे.

"नाही, ताई," ते म्हणाले. "अजून नाही. मुलांचं झाल्यावर."

बॅटरीने मांडणीवरून एक ताट उचललं. रेडिओने पातेल्यावरचं झाकण काढलं, पळी घेतली आणि विचारलं, "किती वाढू, काका?"