पार्किंगखालचा तलाव

तळहाताएवढी निळी फरशी, कोपरा तुटलेला.

उकडलेल्या शेंगांची ओली पिशवी.

गळ्यात टॉवेल अडकवून रांगेत उभा असलेला मुलगा.

"भाषण दाखवा, मोर्चा दाखवा. कादंबरी शिकवा, माझी हरकत नाही," मुख्याध्यापक डेल हारग्रोव्ह म्हणाला. "फिल्ममधला पोहण्याच्या तलावाचा भाग तेवढा गाळा, मिस टोल्बर्ट."

व्हर्नेल टोल्बर्ट खिडकीशी शेंगा सोलत होती. अलाबामातल्या या गावात तिने दोन पिढ्यांना इंग्रजी शिकवलं होतं. काळ्यांच्या हक्कांचा लढा ती कादंबऱ्या आणि जुने माहितीपट घेऊन शिकवायची. डेलही तिचाच विद्यार्थी.

"का गाळू?"

"पालकांची तक्रार आहे. गोऱ्या मुलांना अपराधी वाटतं."

"मोर्चा बघून नाही वाटत?"

"तो दुसऱ्या गावचा आहे ना! आपल्याकडे असलं काही नव्हतं."

"असं? मग तुझी गाडी कशावर उभी आहे, डेल?"

खाली पार्किंगच्या कडेला डांबरातून निळ्या फरश्यांची ओळ डोकावत होती. काळ्या मुलांनाही तलावात घ्या, असा कोर्टाचा हुकूम आला आणि त्याच आठवड्यात गावाने तलावात सिमेंट ओतलं. आपली पोरं पोहायची राहिली तरी चालेल, पण यांच्याबरोबर एका पाण्यात नकोत!

"ऐकलं नाहीत तर मला तुम्हाला काढावं लागेल."

"काढ की. निबंधातसुद्धा तू नेमकं विचारलेलंच गाळायचास."

तिने वर्गात जाऊन पडदे ओढले आणि फिल्म लावली. अख्खी.

पडद्यावर याच गावचा तलाव, फाटकाबाहेर काळ्या मुलांची रांग. आत सिमेंटचा ट्रक.

मागच्या बाकावरून केलिन म्हणाली, "मॅडम, तो टॉवेलवाला... त्याला पोहता येत होतं?"

"नाही गं. शिकायलाच आला होता."

"तुम्हाला काय माहीत?"

"टॉवेल माझा होता. न विचारता नेला म्हणून मी त्याच्याशी भांडले होते."

दारात डेल येऊन उभा राहिला होता. पडद्यावर सिमेंट पडतच होतं.

"आत ये, बस," व्हर्नेल त्याच्याकडे न बघता म्हणाली. "तुझा हा धडा राहिलाय."

तलाव बुजवला त्याच उन्हाळ्यात व्हर्नेलचा भाऊ लिअँडर नदीत बुडाला.