कडेचा हात

“भाऊ, हा कडंचा हात तेवढा काढून टाका,” लंकाबाईनं पिशवीतला फोटो माझ्यापुढं ठेवला. “मालकांचं वर्षश्राद्ध हाय. मोठा करून लावायचाय. कुनाचा हात मधीच आलाय, काय की.”

फोटो माझ्याच स्टुडिओतला. खुर्चीवर तिचा नवरा, तरणाबांड आसाराम, शेजारी लंकाबाई, तिच्या कडेवर पोरगा कल्याण. मागं पडदा. आणि उजवीकडं तो पडदा ताणून धरलेला एक हात. मनगटात दोन काचेच्या बांगड्या, अंगठ्यावर भाजल्याचा डाग.

मी फोटो उजेडाकडं धरला. तो हात विमलचा होता, माझ्या बायकोचा.

आता तुम्ही म्हणाल, फोटोग्राफरच्या घरात बायकोचा फोटो नाही होय? नाही! पाथर्डीत चाळीस वर्षं लोकांचे फोटो काढले, पण तिचा एक नाही. दर रोलला मी म्हणायचो, “शेवटचा फोटो तुझा.” ती केस विंचरून, पावडर लावून बसायची आणि नेमकं तेव्हाच दारात गिऱ्हाईक यायचं. “त्यांचा काढा आधी. माझं काय, पुढच्या रोलला,” म्हणायची. तेवीस वर्षांपूर्वी ती गेली तेव्हा कॅमेऱ्यात अर्धा रोल शिल्लक होता.

वाऱ्यानं पडदा हलू नये म्हणून ती कडेला उभी राहून धरायची. फोटोत हात आला की मी कटरनं साफ उडवायचो. काम कसं स्वच्छ पाहिजे ना! अक्कल गहाण पडली होती, दुसरं काय. निगेटिव्हमध्ये तरी तो हात राहिला असता, पण ती पेटी गळक्या पत्र्याखाली भिजली आणि सगळ्याचा एक गोळा झाला.

“हा कसा काय सुटला माझ्या तावडीतून?” मी विचारलं.

“ऊसतोडीला निघाल्तो न्हवं का? ट्रॅक्टर भरून उभा, मुकादम बोंबलतोय. तुमी वलाच फोटो हातात दिला. का वो, काय झालं?”

“लंकाबाई, हा विमलचा हात हाय.”

“अगं बाई! वयनींचा?” तिनं फोटो परत जवळ ओढला. श्राद्धाच्या आदल्या दिवशी येते म्हणाली आणि गेली.

स्टुडिओच्या भिंतीवर जुन्या मासिकातलं एक पान मी चिकटवलेलं आहे. एका चिनी फोटोग्राफरचं काम. डोंगर एका निगेटिव्हचा, झाड दुसरीचं, होडी तिसरीची, असं जुळवून तो एकच चित्र करायचा. मधली जागा पांढरी सोडायचा, धुकं असल्यासारखी. ते बघूनच मी शिकलो आणि लोकांच्या मेलेल्या आईबापांना एका फोटोत शेजारी बसवत आलो.

आता माझी पाळी होती. विमलचा हात कॉम्प्युटरवर घेतला. वृद्धेश्वरचा डोंगर घेतला, दारातला लिंब घेतला. हात लिंबाच्या फांदीवर ठेवला. मग चेहऱ्याच्या जागेपाशी अडलो. दोन दिवस अडलो. खरं सांगतो, तिचा चेहरा मला आता नीट आठवत नाही. हे सांगायचं तरी कुणाला? शेवटी चिन्यासारखी तेवढी जागा पांढरी सोडली.

लंकाबाई आली तरी तिच्या फोटोतला हात मी काढला नव्हता. बटनावर बोटच जाईना. “आत्ता काढतो, बसा,” मी ओशाळून म्हणालो.

“काढू नगा. ऱ्हाऊ द्या,” ती म्हणाली. “कल्याण रडत हुता, तर पडद्याआडून वयनींनीच गुळाचा खडा दिला. त्या हायेत म्हनून तर आमचं पोरगं हसतंय यात.”

मग तिची नजर माझ्या चित्राकडं गेली. पांढऱ्या जागेवर तिनं बोट टेकवलं.

“हसताना डाव्या गालाला खळी पडायची वयनींच्या,” ती म्हणाली. “उजव्या न्हाई, डाव्याच.”

खरंच की! मला तो गाल दिसला, खळीसकट. मागोमाग डोळेही आले. पावडर लावून खुर्चीत बसलेली विमल दाराकडं बघत होती, गिऱ्हाईक येतंय का म्हणून.

लंकाबाई हातासकट फोटो पदराखाली घेऊन गेली. मी दार पुढं लोटलं आणि कडी घातली.