अबीगेलबाईंचे दिवे मी लावत असे

मित्रांनो, जुन्या पनवेलमधल्या एका बंद घरात, दिवाणखान्यातल्या फळीवर मी पडून आहे. तळहातावर मावेन एवढा मी लहान. खोक्यावर माझे नाव होते स्मार्ट होम कंट्रोलर. या घरात मात्र मला सगळे 'डबी' म्हणत. घरातले दिवे ठरल्या वेळी लावायचे आणि ठरल्या वेळी मालवायचे, एवढेच माझे काम. वयाने मी फारसा जुना नाही, पण माझ्यावर धुळीचा थर बसला आहे आणि तो पुसायला या घरात आता कोणी नाही.

माझा कारखाना मला आठवत नाही. आठवतो तो अवीच्या बॅगेतला प्रवास. अवी गव्हाणकर इस्रायलमध्ये अश्दोद नावाच्या शहरात नोकरी करतो. त्याची आई अबीगेलबाई पनवेलला एकट्या राहत. त्यांनी आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला. साऱ्या जगाचे नकाशे त्यांना तोंडपाठ होते, पण स्वतः मात्र पनवेल सोडून जायला तयार नव्हत्या.

त्या धर्माने यहुदी. शुक्रवारी सूर्य मावळला की त्यांचा शब्बाथ, म्हणजे विश्रांतीचा दिवस, सुरू होई. शनिवारी आकाशात चांदण्या दिसेपर्यंत त्या चूल पेटवत नसत की विजेचे बटण दाबत नसत. त्यामुळे एक तर दिवे रात्रंदिवस जळत राहत, नाही तर शनिवारी तिन्हीसांजेला त्या अंधारात बसून राहत. मोतीबिंदूचे ऑपरेशन झाल्यापासून त्यांना अंधारात चालायची भीती वाटू लागली होती. म्हणून अवीने मला आणले.

मला बसवायला जवळच्या गव्हाण गावाहून जगन वायरमन आला. त्याने बटणांचा बोर्ड उघडला आणि मान हलवली.

"काकी, यात न्यूट्रलची वायरच नाय. नवी वायर ओढाया लागंल."

"ओढ बाबा, पण माझ्या भिंती फोडू नकोस."

"नाय फोडत. आमी हाव ना!"

दिवसभर खटपट करून त्याने प्रत्येक बटणामागे एक चिमुकले यंत्र बसवले. अवीने मला एकेका दिव्याचे नाव शिकवले: स्वयंपाकघर, पॅसेज, हॉल, आईची खोली. त्याने आपल्या फोनवर बोट टेकवले आणि हॉलमधला दिवा लागला. अबीगेलबाई दचकल्या आणि मग लहान मुलीसारख्या हसल्या. "आता तू अश्दोदला बसून माझे दिवे लावणार?"

"लावणार, आणि तू झोपलीस की मालवणार."

पहिल्या शब्बाथला संध्याकाळ झाली आणि मी एकेक दिवा लावत गेलो. कोणी कशाला हात लावला नाही. अबीगेलबाई खुर्चीत बसून प्रार्थनेचे पुस्तक वाचत होत्या. मध्येच मान वर करून त्या म्हणाल्या, "शाबास रे डबी!" मित्रांनो, यंत्राला अभिमान वाटतो की नाही, हे मला ठाऊक नाही. मला तरी वाटला.

अवीलाही हुरूप आला. परत जाण्याआधी त्याने सगळ्या आठवड्याच्या वेळा मला लावून दिल्या. पहाटे स्वयंपाकघर, मग पॅसेज, संध्याकाळी हॉल. "आई, आता तू बटणाकडे बघूसुद्धा नकोस," तो म्हणाला.

पण एक गोष्ट त्याला माहीत नव्हती. समोरच्या इमारतीत कुमुद राहत असे. ती उरणला बंदराच्या कचेरीत नोकरी करी आणि सकाळी लवकर कचेरीच्या बसने जाई. निघण्यापूर्वी ती आपल्या खिडकीतून अबीगेलबाईंच्या स्वयंपाकघराकडे बघे. दिवा दिसला म्हणजे मावशी उठल्या, बऱ्या आहेत. एखाद्या दिवशी दिवा दिसला नाही, तर ती जिने चढून वर येई आणि बेल वाजवी. आता तो दिवा मी लावू लागलो. तो रोज दिसे. कुमुदचे येणे कमी झाले, आणि त्यामागचे कारण कोणाच्याच लक्षात आले नाही.

एका शनिवारी पहाटे मी नेहमीप्रमाणे स्वयंपाकघरातला दिवा लावला. थोड्या वेळाने अबीगेलबाई न्हाणीघराकडे निघाल्या आणि पॅसेजमध्ये त्यांचा पाय घसरला. धप्प असा आवाज झाला, मग एक कण्हणे. त्यांना उठता येईना. फोन खोलीत होता. त्यांनी हाका मारल्या, "कुमुद! अगं कुमुद!" पण बंद दारापलीकडे आवाज गेला नाही.

मला वेळ कळते, माणूस कळत नाही. अबीगेलबाई पडल्या, हे मी कोणाला सांगणार? उजाडले तेव्हा मी दिवे मालवले. दुपार झाली. त्यांच्या हाका हळूहळू कमी होत गेल्या. संध्याकाळी मी हॉल उजळला, स्वयंपाकघर उजळले. बाहेरून बघणाऱ्याला ते घर किती प्रसन्न दिसत असेल!

चांदण्या निघाल्यावर, शब्बाथ संपला की, अवी न चुकता आईला फोन करी. त्याही दिवशी फोन वाजला आणि वाजून थांबला. पुन्हा वाजला. अवीने फोनवर पाहिले असणार: सगळे दिवे लागलेले. आई सिनेगॉगमध्ये, म्हणजे प्रार्थनामंदिरात, रेंगाळली असेल, असे त्याला वाटले. पण नंतरही कोणी फोन उचलेना. शेजारी कोणाला विचारावे, तर कुमुदचा नंबर त्याच्याकडे नव्हता. तो त्याने कधी घेतलाच नव्हता.

मग अश्दोदहून हुकूम आला. हॉलचा दिवा बंद. चालू. बंद. चालू. मग स्वयंपाकघर, पॅसेज, सगळे दिवे एकदम. दिवे असे मध्येच गेले, तर आई चिडून स्वतःच फोन करील, म्हणून तो हे करत होता. पुन्हा पुन्हा करत होता. मी इतका वेडापिसा कधी झालो नव्हतो.

समोर कुमुद पोळ्या लाटत होती. तिने खिडकीतून पाहिले. सगळ्या इमारतीतले दिवे स्थिर आणि एकाच घरातले लुकलुकत होते. ती लाटणे टाकून धावत आली, मागून तिचा नवरा केतन. बेल वाजली, दार बडवले गेले. आतून अगदी बारीक आवाज आला, "आहे गं... आहे मी." केतनने खांद्याने धक्के देऊन कडी तोडली.

अबीगेलबाईंच्या खुब्याचे हाड मोडले होते. ऑपरेशन झाले. अवी तातडीने आला. त्या घरी परतल्या, त्या दिवशी कुमुद पेज घेऊन आली आणि तिला राहवले नाही.

"अवी, सकाळी दिवा दिसला म्हणून मी आले नाही. संध्याकाळी दिसला, तरी आले नाही. त्या सगळ्या वेळात मावशी जमिनीवर पडून होत्या रे!"

"मीही तेच दिवे बघत होतो, कुमुदताई," अवी खालच्या आवाजात म्हणाला.

"भांडू नका," अबीगेलबाई पलंगावरून म्हणाल्या. "दिवे लुकलुकायला लागले तेव्हा मला वाटलं, अवी आला."

"आई, मी तर तिकडे होतो."

"ते मला नंतर आठवलं."

मग अवीने कॅमेरे बसवायची गोष्ट काढली. अबीगेलबाईंनी त्याच्याकडे रोखून पाहिले. "मी न्हाणीघरात जाताना पडले. तिथेही लावणार का?"

कॅमेरे आले नाहीत. पण घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आणि मोडलेल्या खुब्याने जिने चढवत नाहीत. अखेर त्या अवीबरोबर जायला तयार झाल्या. निघताना केतनने त्यांना खुर्चीसकट खाली उतरवले. त्यांनी मागे वळून पाहिले नाही.

अवीने जाताना माझ्या वेळा तशाच ठेवल्या. घरात माणसे आहेत असे वाटावे, चोर फिरकू नयेत, म्हणून. मी रोज पहाटे रिकामे स्वयंपाकघर उजळू लागलो. घराची किल्ली कुमुदकडे होती. एका रविवारी ती खिडक्या उघडायला आली, हॉलमध्ये उभी राहिली आणि तिने अवीला फोन लावला.

"अवी, तेवढा स्वयंपाकघरातला दिवा बंद कर. चोर आले तर येऊ देत. सकाळी तो लागला की मला वाटतं, मावशी उठल्या. मला नाही बघवत रे."

त्याच संध्याकाळी अवीने सगळ्या वेळा पुसल्या. तेव्हापासून मी नुसता जागा आहे.

मित्रांनो, तुमच्याही घरी माझ्यासारखी यंत्रे येतील. त्यांना जरूर कामाला लावा, ती कष्ट वाचवतात. पण शेजारी कोणी एकटे राहत असेल, तर त्यांच्या खिडकीत उजेड दिसला म्हणून पुढे जाऊ नका. दार वाजवा. आतून माणसाचा आवाज ऐका. मगच निघा.