दोन मिनिटांचा नियम

द्वारकाबाईंनी लाल बटण दाबलं आणि मोबाइलवरचे सगळे भांडता भांडता गायब झाले. मग त्यांनी फोन साखरेच्या डब्याला टेकवला आणि बटल्याच्या, म्हणजे मटाराच्या, शेंगा सोलायला घेतल्या. चौथ्या शेंगेला फोन वाजला.

"आत्या, मीटिंग कट कशी झाली?" पुण्याहून भाचा यशवर्धन विचारत होता.

"मी कुठे काय केलं? वरून कट केली त्यांनी. नवा नियम आलाय ना. दोघं एकदम बोलले की लाइन बंद. तीनदा झालं तर आठवडाभर लागतच नाही."

"असा कुठे नियम असतो का?"

"आमच्या शेजारच्या जनाबाईंना विचार. त्यांच्याकडे अकरा जण एकदम बोलले. फोन इतका तापला, इतका तापला की त्यांनी त्यावर पापड भाजून घेतले. मी खाल्ला ना एक. थोडा कच्चा होता."

आत्याच्या पापडावर यशवर्धनचा विश्वास नव्हता. पण आठवडाभर लाइन बंद, हे परवडणारं नव्हतं.

"लाव परत," तो म्हणाला.

यशवर्धनचे वडील पंढरीनाथ, म्हणजे द्वारकाबाईंचा धाकटा भाऊ, इंदूरजवळच्या हातोदला एकटाच राहायचा. त्याच्या हृदयाची झडप बदलायची होती. इंदूरच्या हॉस्पिटलने मंगळवारची तारीख दिली होती. हो की नाही ते आज दुपारी बारापर्यंत कळवायचं होतं. नाहीतर पुढची तारीख दोन महिन्यांनी, आणि तेवढे दिवस काढू नका, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं.

तीन रविवार मीटिंगा झाल्या होत्या. यशवर्धन म्हणायचा पुण्याला आणा, त्याचा धाकटा भाऊ श्रीहरी म्हणायचा नागपूरला माझ्याकडे आणा, दोघांचा आवाज चढायचा आणि पंढरीनाथच्या फोनची बॅटरी संपायची. लेक रुची इथेच, इंदूरच्या विजय नगरला. ती कॅमेरा बंद ठेवून नुसती ऐकायची. तिच्याकडे ठेवायची गोष्ट कुणी काढत नसे. मुलीला मूल होईपर्यंत बापाने तिच्या घरचं अन्न-पाणी घ्यायचं नाही, ही त्या घरची रीत. रुचीला मूल झालं नव्हतं. बारा वर्षं पंढरीनाथ तिच्याकडे यायचा तो पाण्याची बाटली घेऊन, आणि तासाभरात उठायचा.

मीटिंग परत लागली. तीन चेहरे, एक काळा चौकोन. चेहऱ्यांपैकी एक नुसतंच कपाळ होतं, वर पंखा, तो पंढरीनाथ.

"आता सगळे म्यूट," द्वारकाबाई म्हणाल्या. "ठरवायच्या गोष्टी दोनच. ऑपरेशन कुठे, आणि नंतर दोन महिने हा कुणाकडे. मी नाव घेईन त्यानेच बोलायचं. दोन मिनिटं. पहिला पंढरी."

"आत्या, बाबांना काय विचारायचं? त्यांच्याबद्दलच तर चाललंय."

"झालं एकदा. अजून दोनदा बोल, मग आठवडाभर गप्प बसू सगळे."

यशवर्धनने घाईघाईने म्यूट केलं.

पंढरीनाथच्या चौकोनात पंखा फिरत होता. श्रीहरीने तोंड उघडलं आणि परत मिटलं. द्वारकाबाईंनी एक शेंग सोलली, मग आणखी एक, आणि भावाला मदत म्हणून एक शब्दसुद्धा टाकला नाही.

"ताई," शेवटी कपाळ हललं. "मला लांब नाही जायचं गं. मतलब, पोरं बोलवतायत, चांगलंच आहे. पण ऑपरेशन इंदूरलाच करू या." तो थांबला. "आणि नंतर... रुचीला चालणार असेल तर तिच्याकडे राहीन म्हणतो."

पुण्यात यशवर्धनने म्यूटवर नेलेलं बोट मागे घेतलं.

"तिला विचार," पंढरीनाथ म्हणाला. "मी कोणत्या तोंडाने विचारू?"

"रुची, तुझी पाळी," द्वारकाबाई म्हणाल्या.

काळा चौकोन उजळला. रुची दिसली नाही, खोली दिसली. खिडकीला लागून पलंग, त्यावर नवी चादर. बाथरूमच्या दाराशी भिंतीत हाताने धरायचा स्टीलचा दांडा बसवला होता. दांड्याखालची फरशी पुसलेली होती, पण कोपऱ्यात सिमेंटचा वाळलेला ठिपका राहून गेला होता.

"हे कधी केलंस?" श्रीहरी नियम विसरून बोलला.

"पहिल्या मीटिंगनंतर," रुची म्हणाली.

यशवर्धनने चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि खुर्चीत मागे टेकला. "आत्या, हॉस्पिटलला हो कळवून टाक," तो म्हणाला. "मी सोमवारच्या रात्री पोचतो."

"मी पण, भिया," श्रीहरी मोठ्या भावाला म्हणाला.

द्वारकाबाईंनी घड्याळ पाहिलं. साडेअकरा. शेजारी ठेवलेल्या लँडलाइनवरून त्यांनी हॉस्पिटलचा नंबर फिरवला, भावाचं पूर्ण नाव दोनदा सांगितलं, आणि रिसीव्हर ठेवल्यावर बराच वेळ त्यावरचा हात काढला नाही.

स्क्रीनवर आता पंढरीनाथचा सगळा चेहरा आला होता. दाढी वाढलेली होती.

"रुची," तो म्हणाला, "लग्नाआधी तू वरण फार पातळ करायचीस."

"अजून तसंच करते, बाबा."

"बरं," पंढरीनाथ म्हणाला. "तसंच कर."